कणांना अहो म्हणणारा माणूस

ज्या माणसाचं म्हणणं तुम्ही एकदाही नीट ऐकून घेतलेलं नाही, त्याच्या बाजूने तुम्ही कधी घोषणा दिली आहे का?

मी दिली आहे. पेणच्या एका शाळेच्या सभागृहात, भर सभेत, मूठ वर करून. आवाज चांगला लागला होता. लोकांनी साथही दिली. माझ्या त्या एका घोषणेने एका माणसाच्या बारा वर्षांच्या कामाचा दोन मिनिटांत निकाल लागला, आणि हे मला कळेपर्यंत मी स्वतःवर भलताच खूश होतो.

तो माणूस म्हणजे माझे रोह्याचे घरमालक. त्यांना मी काका म्हणत असे, इथेही तेच म्हणतो.

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे पुढचा मूर्खपणा कुठून आला ते कळेल. पेणला आमच्या घरात खालच्या खोलीत वडिलांचा छापखाना. लग्नपत्रिका कमी, पत्रकं जास्त. मिठागरावरच्या कामगारांची, खारजमिनीच्या बांधांची, धरणात गेलेल्या गावांची. मी अक्षरं शिकलो ती ओल्या प्रुफांवरून. इतर मुलांनी कमळ आणि बदक वाचलं असेल. मी वाचलेलं पहिलं वाक्य होतं, ‘बंधूंनो, आता झोपून चालणार नाही!’ तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि आई मला दुपारी झोपवायला बघत होती. मी ते वाक्य तिला ऐकवलं. मार खाल्ला. चळवळीतला माझा पहिला त्याग तो हाच.

नव्वदीच्या सुरुवातीला, पदवी हातात पडल्या पडल्या, मी रोह्याला गेलो. तिथल्या कंपन्यांमधल्या कामगारांना जागं करायचं ठरवलं होतं. गेल्यावर कळलं की त्यातले निम्मे रात्रपाळीमुळे आधीच जागे असतात आणि त्यांना थोडं झोपायचं असतं. तरी मी हटलो नाही. नदीपलीकडे अष्टमीत खोली शोधली. कौलारू घर, पुढे पडवी, पडवीत एक आरामखुर्ची आणि खुर्चीत काका. साठीचे, काटकुळे, डोळ्यांवर जाड चष्मा, बनियनच्या आत खोचलेली पेन्सिल.

“काम काय करतोस?” त्यांनी विचारलं.

“लिहितो.”

“एका बाजूला का दोन्ही?”

मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी छाती काढून म्हणालो, “मी शोषितांच्या बाजूने लिहितो.”

“ते असू दे. कागदाच्या किती बाजूंनी?”

“पत्रकं एकाच बाजूला छापतो आम्ही.”

“मग रहा,” काका म्हणाले. “उरलेली मला दे.”

पत्रकं उरायची. खूप उरायची. कंपनीच्या गेटवर मी ती वाटायचो, कामगार सज्जनपणे घ्यायचे आणि बसमध्ये बसायच्या आत त्यात शेंगदाणे गुंडाळायचे. उरलेला गठ्ठा काकांकडे जायचा. माझी पत्रकं जपून ठेवणारा वाचक जगात एकच झाला, आणि तो कोऱ्या बाजूचा होता. पुढच्या बाजूला ‘उठा!’ आणि पाठीमागे बारीक अक्षरात समीकरणं. समीकरणं तपासून झाली, पटली, की ती लांब वहीत शाईने उतरायची. ती वही पलंगाखालच्या ट्रंकेत असे.

काका आणि त्यांची धाकटी बहीण, दोघंच त्या घरात. बहिणीला मी आत्या म्हणायचो. ही मंडळी कोकणातले मराठी ज्यू. कित्येक पिढ्या इथल्या, आडनाव गावावरून, शेवटी कर. वाडवडिलांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. घाणा केव्हाच गेला, शनिवार मात्र राहिला. नातलग एकेक करून इस्रायलला गेले. आत्याचे दोन्ही मुलगे तिकडेच. दर आठवड्याला त्यांचं पत्र यायचं आणि दर आठवड्याला तोच संवाद व्हायचा.

“दादा, पोरं बोलावतात. कधी निघायचं?”

“जाऊ गो बाय. कोणी जाणत्या माणसाने वही एकदा वाचू दे. बरोबर म्हणू दे नायतर चूक म्हणू दे. मग निघू.”

“आणि कोणीच वाचली नाय तर?”

“मग तू जा पुढं.”

“मी काय एकटी जाते,” असं म्हणून आत्या आत जायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

तर वहीत होतं काय? काका उमेदीत मुंबईच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. तारा जोडायच्या, भिंगं पुसायची, मुलांनी फोडलेल्या नळ्या झाडायच्या. पदवी नव्हती. एकदा रद्दीत निघालेल्या परदेशी मासिकांच्या गठ्ठ्यात त्यांना एक लेख सापडला. फिरणाऱ्या कृष्णविवराजवळ दोन कणांची टक्कर झाली तर काय होईल, यावर. तो त्यांनी शब्दकोश घेऊन वर्षभर वाचला. पुढे नोकरी संपली, लेख संपला नाही.

मला त्यांनी तो पडवीत समजावला होता. म्हणजे समजावायचा प्रयत्न केला होता.

“घाणा बघितलायस कधी?”

“बैलाची पिळवणूक...”

“बैल राहू दे. घाण्याच्या वाटेत उभा राहिलास कधी? लहानपणी मी राहायचो. बैल थांबत नाय. त्या वाटेत उभं राहायची सोयच नाय. चालायचं, आणि बैल जातो त्याच अंगाने चालायचं. फिरणाऱ्या विवराभोवती तसा एक पट्टा असतो. तिथे उजेडालासुद्धा विवराच्याच अंगाने फिरावं लागतं. कळलं?”

“हो.”

“आता लांबून दोघे आले.” काकांचा आवाज इथे बदलायचा, पाहुणे दारात आल्यासारखा. “हे इकडून आले, ते तिकडून आले. पट्ट्यात दोघांची टक्कर झाली. त्यातून निघाले त्यातले एक विवरात गेले. पण गेले ते असे, की लांबून मोजलं तर त्यांची ऊर्जा शून्याच्याही खाली. म्हणजे विवराच्या पदरात पडलं काय? तोटा. दुसरे बाहेर आले. येताना दोघांनी मिळून जेवढं आणलं होतं, त्यापेक्षा जास्त घेऊन आले.”

“कुणाचं घेतलं?”

“विवराचं. त्याचं फिरणं तेवढं मंद झालं.”

मी उडीच मारली. “म्हणजे जुलमी सत्तेच्या पोटातूनसुद्धा हक्काचं परत खेचून आणता येतं!”

काकांनी माझ्याकडे बघितलं. बाजारात आत्या शिळ्या मासळीकडे बघायची, तसं. “किती आणता येतं, ते विचार की.”

मी विचारलं नाही. मला पत्रक सुचलं होतं. मी खोलीत पळालो.

त्यांच्या बोलण्यातली एक खोड तुमच्या ध्यानात आली असेल. काका कणांना अहो म्हणायचे आणि माणसांना अरे. गावच्या सरपंचाला अरे, पोस्टमास्तरला अरे, कंपनीच्या मॅनेजरलासुद्धा ‘काय रे, गाडी नवीन घेतलीस?’. आणि कण मात्र ‘ते’ आणि ‘हे’. मी एकदा कारण विचारलं.

“त्यांनी मला कधी खोटं सांगितलं नाय,” काका म्हणाले.

संध्याकाळी कंपनीची बस पुलावरून यायची. काका पडवीत दिसले की खिडकीतून हाळी ठरलेली. “काय मामा, भोक बुजलं का?”

“बुजायचं नाय ते!” काका ओरडायचे. “तुम्ही पडू नका म्हंजे झालं!”

त्यांच्या त्या मासिकातल्या लेखाने जगातल्या मोजक्या मंडळींना एका गोष्टीची भुरळ घातली होती. काही अटी जुळल्या, तर विवराच्या काठाच्या जितकी जवळ टक्कर होईल तितकी ती भयंकर होते, भयंकराला अंतच राहत नाही. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता. एवढ्या भयंकर टक्करीतून बाहेर काय येतं? आणि वहीभर गणित करून त्यांना मिळालेलं उत्तर होतं: थोडंच. आत गेलेल्यापेक्षा जास्त, हे खरं, पण थोडंच. काठाजवळ जन्मलेलं बहुतेक सगळं आतच पडतं. जे चढून बाहेर येतं ते वाटेत दमतं.

माझी पत्रकंही ते याच मापाने मोजायचे. मी गेटसभेहून तापून आलो की म्हणायचे, “टक्कर किती जोराची झाली ते नको सांगू. बाहेर काय आलं ते सांग.” बहुतेक वेळा बाहेर मीच आलेलो असायचो, सुरक्षारक्षकाने धरून.

शनिवार. त्या दिवसाबद्दल सांगायलाच हवं. शुक्रवारी सूर्य मावळला की काकांची पेन्सिल आत्याच्या शिवणाच्या डब्यात जायची. दुसऱ्या संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत लिहायचं नाही, वहीला हात लावायचा नाही, प्रवास नाही. नुसतं खुर्चीत बसून डोळे मिटायचे. माझ्यासारख्या धर्मचिकित्सकाला ही पर्वणी होती. दर शनिवारी मी त्यांच्यासमोर बसून धर्म म्हणजे काय यावर बोलायचो. ते ऐकायचे आणि म्हणायचे, “आज मी काम करत नाय. तुझ्याशी वाद घालणं हे काम हाय. उद्या ये.” रविवारी मला गेटसभा असायची. म्हणून तो वाद मी एकदाही हरलो नाही.

या माणसासाठी काहीतरी करायचं, असं मी ठरवलं तेव्हा माझा हेतू चांगला होता. माझे हेतू नेहमीच चांगले असतात. छापखान्यातच वाढलेत ते. काकांनी तीन ठिकाणी लेख पाठवला होता. पोच आली, उत्तर आलं नाही. मी म्हणालो, मुंबईच्या एका संशोधन संस्थेत याच विषयावर काम करणारे एक डॉक्टर आहेत, त्यांना लिहू. काकांनी मजकूर सांगितला, मी उतरवला. सोबत वहीतली पहिली पाच पानं. माझ्या हातून गेलेलं ते एकमेव पत्र, ज्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. म्हणूनच बहुधा त्याला उत्तर आलं.

उत्तर माझ्या नावावर आलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘पाच पानं वाचली. प्रश्न योग्य आहे आणि मांडणी स्वच्छ आहे. पुढची वही पाहायला आवडेल. महिनाअखेरचा शनिवार किंवा रविवार, तुम्हाला सोयीचा असेल त्या दिवशी येऊ शकेन.’

शनिवार किंवा रविवार.

त्या रविवारी रोह्याला माझी गेटसभा होती, आणि प्रमुख वक्ता म्हणून माझं नाव पहिल्यांदाच पत्रकावर छापलेलं होतं. मी काकांना सांगितलं, “डॉक्टर पेणला येतायत. त्यांना फक्त शनिवार जमतो.”

हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. याआधी कुणाला सांगितलेलं नाही.

काकांनी विचारलं, “रविवार जमतच नाय त्यांना?”

“नाही.”

“बरं. मग मी शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पेणला पोचेन, तुमच्याकडे राहीन. तोंडाने बोलता येईल. लिहिता येणार नाय. तारे दिसले की वही उघडू.”

आत्या दारात उभी होती. “दादा, आजवर मोडलं नायस.”

“मोडतो कुठं गो? बोलणार फक्त.”

मी मध्येच म्हणालो, “काका, एक दिवस सोडलं तर काय होतं? विज्ञानासाठी!”

“एका दिवसासाठी सोडायचं, तर बाकीचे दिवस पाळले कशाला रे?”

मनातून मला वाटत होतं की मी त्यांना मुक्त करतोय. खोटं बोलून मुक्त करतोय, हे माझ्या तेव्हाच्या तत्त्वात बसत होतं.

कुणीही विचारेल, डॉक्टरांना थेट अष्टमीला पडवीत का नाही आणलं? चहा, खुर्ची, वही, काम झालं असतं. पण सभेशिवाय सत्य कसं सांगतात हे मला माहीतच नव्हतं. पेणला शाळेचं सभागृह मिळवलं आणि पत्रक लिहिलं: ‘रोह्याच्या सुपुत्राचा जगाला हादरा! कृष्णविवरातून अमर्याद ऊर्जा! धर्माच्या जोखडातून मुक्त झालेल्या श्रमिक वैज्ञानिकाचे प्रस्थापित विज्ञानाला आव्हान!’

वडिलांनी प्रूफ वाचून चष्मा काढला. “हे असं ते म्हणाले?”

“आशय त्यांचाच आहे.”

“आशय म्हणजे काय ते मला सांगू नकोस. मी जन्मभर छापतोय.” पण त्यांनी छापलं. मुलगा होतो मी.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने आम्ही रोह्याहून निघालो. निडी, नागोठणे, पेण. काकांनी वही मांडीवर धरली होती, दोन्ही हातांनी, जणू दुधाचं पातेलं. ठेवणीतला कोट घातला होता. नागोठण्याला मला म्हणाले, “त्यांनी चूक काढली तर बरं होईल रे. चूक काढायची तर पूर्ण वाचावं लागतं.” घरी पोचल्यावर, ऊन असेतो, त्यांनी वही आमच्या कपाटात ठेवली आणि पेन्सिल माझ्या आईकडे दिली.

शनिवारी पाच वाजता सभागृह भरलं. माझी पत्रकं आयुष्यात पहिल्यांदा वाचली गेली होती. काका दारातल्या पत्रकापाशी थांबले आणि त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. वाचायला त्यांना शनिवारीही मुभा होती. मग ते व्यासपीठावर गेले, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, “बाहेर लावलंय त्यातलं गावाचं नाव बरोबर हाय. बाकी माझं नाय.”

लोक हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे.

“अमर्याद नाय. थोडंच. बारा वर्षं मी तेच दाखवतोय.”

गडब गावाहून आलेले एक गृहस्थ उठले. “थोडंच म्हंजे आमच्या गावाला किती तास लाईट?”

“एक मिनिटसुद्धा नाय. ते विवर लय लांब हाय.”

“मग आम्हाला बोलावलं कशाला?” गृहस्थ म्हणाले, आणि त्यांच्यामागून एक आख्खी रांग निघून गेली.

डॉक्टर पहिल्या रांगेत होते. मध्यमवयीन, शांत, मांडीवर माझं पत्रक घडी घातलेलं. काका बोलत राहिले. हे आले, ते आले, टक्कर झाली. वीस-पंचवीस मिनिटांनी डॉक्टरांनी हात वर केला. “बाहेर येणाऱ्या कणासाठी तुम्ही कोणती अट धरली आहे, ती फळ्यावर लिहाल का? पाच पानांत ती नव्हती.”

हाच तो प्रश्न होता. याच प्रश्नाची काकांनी बारा वर्षं वाट बघितली होती. त्यांचा चेहरा उजळलेला मी बघितला.

“लिहितो. पण आज आत्ता नाय. तासाभराने.”

“आत्ता का नाही?”

“आज शनिवार हाय.”

डॉक्टरांनी काकांना न्याहाळलं. आडनावाच्या शेवटी ‘कर’, बोली कोकणी, कोट साधा. आणि मराठी माणसाच्या मनात शनिवार म्हटलं की काय येतं? “शनी आडवा येतो का?” त्यांनी विचारलं. सभागृह खदखदलं.

“नाय नाय, तसं नाय. तीन तारे दिसू देत, मग सगळं...”

“तारे बघून गणित सांगणारे मला पुष्कळ भेटतात,” डॉक्टर म्हणाले. रागाने नाही, थकून म्हणाले.

एक वाक्य पुरलं असतं. ‘साहेब, हे ज्यू आहेत, आज त्यांचा विश्रांतीचा दिवस आहे, साडेसहाला वही उघडतील.’ ते वाक्य मला येत होतं. पण माझ्याच पत्रकात मी त्यांना धर्माच्या जोखडातून मुक्त करून बसलो होतो. आता माघार कशी घेणार? काका खुलासा करायला तोंड उघडत होते, ‘आमचा धर्म...’ एवढं मला ऐकूही आलं, आणि मी खुर्चीवर चढलो.

“पदवी नाही म्हणून श्रमिकाची टर उडवणाऱ्या मक्तेदारांचा...”

“धिक्कार असो!” पेणमध्ये हा दुसरा भाग कुणालाही पाठ आहे. अर्धवट ओळ टाकली की सभागृह पुरी करतं. मी तीनदा टाकली. तीनदा पुरी झाली.

डॉक्टरांनी पिशवी उचलली. काका व्यासपीठावरून उतरून त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. मी खुर्चीवर होतो, त्यामुळे मला सगळं नीट दिसलं.

“तासभर थांबा. वही जवळच हाय.”

“सहाची दिव्याची गाडी आहे माझी.”

“तोंडी सांगतो. स्टेशनपर्यंत चालत येतो.”

“पत्र फार चांगलं लिहिलं होतं तुम्ही,” डॉक्टर म्हणाले. “ते वाचून आलो होतो.” आणि घडी घातलेलं पत्रक त्यांनी काकांच्या हातात दिलं.

मला वाटतं, काकांनी अहो म्हटलेला तो पहिला आणि शेवटचा माणूस.

लोक पांगले. मी, वडील आणि काका शाळेच्या पायऱ्यांवर बसलो. थंडीचे दिवस, आकाश स्वच्छ. पहिला तारा दिसला, मग दुसरा. तिसऱ्याला वेळ लागला. काका म्हणाले, “जा, वही आण.” मी घरून वही आणि पेन्सिल घेऊन आलो. त्यांनी सभागृहात जाऊन खडू उचलला आणि डॉक्टरांनी विचारलेली अट फळ्यावर लिहिली. मग तिच्यापुढची पायरी. मग पुढची. रिकाम्या खुर्च्यांपुढे ते सगळं बोलत होते, हे आले, ते आले. मी पहिल्यांदा तोंड मिटून ऐकलं. काही कळलं नाही. वडील माझ्या शेजारी बसले होते. ते एवढंच म्हणाले, “आशय.”

दुसऱ्या दिवशी रोह्याच्या गेटसभेला अकरा माणसं होती. त्यातली दोन सुरक्षारक्षक.

डॉक्टरांना मी माफीचं पत्र लिहायला घेतलं. तीन मसुदे केले. प्रत्येकात पाचव्या ओळीला मी संशोधन संस्थांच्या सामाजिक जबाबदारीवर घसरलो. चौथा मसुदा एका ओळीचा झाला, ‘चूक माझी होती’, आणि एवढंसं पत्र कुणी पाठवतं का, म्हणून राहिला. पुढे लिहिलं तेव्हा ते संस्था सोडून परदेशी गेल्याचं कळलं. काकांनीही त्यांना दोनदा लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. काकांनी माझ्याबद्दल तक्रारीचा शब्द काढला नाही. फक्त माझ्याकडून कोरे कागद घेणं बंद केलं. दुकानातून विकत आणायला लागले.

वर्षभराने ते आणि आत्या निघाले. ट्रंक बांधताना काकांनी वही माझ्या हातात दिली.

“घेऊन जा ना काका. तिकडे मोठमोठी विद्यापीठं आहेत.”

“हे मराठीत हाय. तिकडे कोण वाचणार? आणि नेली तर मी परत लिहीत बसेन. हिला वचन दिलंय.”

आत्या म्हणाली, “याच्याकडे नको देऊ, दादा. हा सभा घेईल.”

“नाय घेणार,” काका म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, “व्हय ना रे?”

मी मान हलवली. शनिवारबद्दल तेव्हा सांगायला हवं होतं. बस उभी होती, सामान चढत होतं, आणि मला धीर झाला नाही. गेटवर मालकांना जाब विचारणारा मी.

आता आत्याची पत्रं येतात. गेल्या महिन्यात आलेल्या पत्रात तिने लिहिलंय, ‘दादाची नजर पार गेली. दिवसभर गॅलरीत बसतो. तुझं पत्र आलं की एकच विचारतो, कोणी वाचली का. मी दर वेळी सांगते, वाचतायत, वेळ लागतो. मला खोटं बोलायला लावू नकोस.’

हा अंक छापून आला की मी तिला पाठवणार आहे. ती तो त्यांना वाचून दाखवेल. शनिवारचं खरं त्यांना तेव्हा कळेल आणि ते मला अरे म्हणायचंही सोडतील कदाचित. तो माझा प्रश्न आहे. तुमच्याकडे मागणं वेगळं आहे.

वही पेणला माझ्याकडे आहे. एकशे चाळीस पानं, मराठीत, अक्षर स्वच्छ. ती बरोबर आहे असा माझा दावा नाही. मला ती कळत नाही. तुमच्या घरात, तुमच्या कॉलेजात, तुमच्या ओळखीत सापेक्षतेचं गणित येणारं कुणी असेल, तर त्यांना हे सांगा. माझा पत्ता या अंकाच्या संपादकांकडे ठेवला आहे. त्यांना हवा तो दिवस आणि हवा तितका वेळ. मी चहा करीन आणि खोलीबाहेर बसेन. चूक सापडली तर कितव्या पानावर, एवढं लिहून द्या. सापडली नाही तर तसं लिहून द्या. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. आणि लवकर या. त्यांना अजून ऐकू नीट येतं.